ओल खाल्लेली काडतुसं

स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला अजून दोन चंद्रकोरी आहेत,
यंत्राचा शिकंजा आवळल्याच्या.
आई त्यांच्यावर टेबलक्लॉथ ओढायची,
वडील तो बाजूला सारायचे.
आमच्या घरातलं भांडण म्हणाल तर एवढंच.

ऑक्टोबरातल्या रविवारी, चर्चहून आल्यावर
जेबेझ थर्केटल बाह्या दुमडून बसायचे,
पाईप विझवून खिडकीबाहेर ठेवलेला.
कागदी नळी, विटकरी, मेणाचा हात फिरलेली,
बुडाशी पितळ, पितळेच्या मधोमध
मसुराएवढी टोपी.
लाकडी दांड्याच्या मापात दारू घ्यायची,
पोस्टकार्डाची कड वरून एकदाच फिरवायची.
मी दोनदा फिरवली तर,
"हेस्टर, पावाला लोणी लावत नाहीयेस."
मग पुठ्ठा, मग नमद्याच्या चकत्या,
मग छर्रे, बशीत मोहरी सांडावी तसे वाजत.
वर एक पातळ चकती, आणि मी दांडा फिरवायचा:
कागदाची कड आत वळायची,
मुरड पडायची,
बार बंद.

त्या वरच्या चकतीवर ते पेन्सिलीनं लिहीत,
तारीख आणि वारा.
"वायव्य, बोचरा."
"वारा नाही. धुकं."
एकदा नुसतंच, "हेस्टरला गोवर."
बार उडाला की अक्षरांसकट भुगा होणार,
मग लिहायचं कशाला?
म्हणाले, त्याला माहीत असावं
आपण कुठल्या दिवसाचे.

जळक्या कागदाचा तो गोडसर वास
त्यांच्या मफलरमध्ये बुधवारपर्यंत टिके.
अर्नी क्लॅक्सटन हल्ली प्लॅस्टिकची वापरतो.
भिजत नाहीत, फुगत नाहीत,
मरतही नाहीत मेली;
भरती ओसरली की चिखलात लालभडक,
दहा वर्षांपूर्वीचीसुद्धा.
कागदाचं आपलं बरं होतं.
एक हिवाळा, दोन हिवाळे, आणि दलदलीची होऊन जायची.

आई गेली त्या वर्षी
खुंटीवरची तिची निळी हॅटही गेली,
किंग्ज लिनहून आणलेली, काळ्या फितीची.
मला वाटलं, कोटाबरोबर चर्चच्या सेलला दिली असणार.
कितीतरी वर्षं बाजारात
मी बायकांच्या तोंडाकडे न बघता डोक्याकडे बघत होते.

आता वडीलही नाहीत.
बिस्किटांच्या डब्यात तेरा काडतुसं निघाली.
एक ओलीनं फुगून शिवणीवर उकललेलं,
म्हणून ते चाकूनं सोडवलं:
छर्रे बशीत, आणि त्यांच्याखाली
निळा.
चार चकत्या, एकीवर एक.
तिसरीला हॅटपिनचं भोक.

म्हणजे प्रत्येक काडतुसाला टोप्या दोन.
एक पितळेतली, एक हिची.

एका हॅटीतून चकत्या किती निघतात?
बिलाच्या मागे आकडेमोड केली.
काठ धरून, फिती सोडून, एक हिवाळा.
तो हिवाळा मला आठवतो.
रोज पहाटे खाडीकडून बार ऐकू यायचे,
रोज ते रिकाम्या हातांनी परत यायचे,
आणि अर्नी माझ्या कानाशी येऊन म्हणायचा,
म्हाताऱ्याची नजर गेली.
कलहंस तर घराच्या कौलांवरून जात होते,
मान वर केली तरी पुरे.

आज पहाटे मी बंदूक उतरवली.
बारातलं एक घेतलं. नळीत शिरेना.
कागदाला ओल लागली की तो असाच अंग धरतो.
जोर करायचा नाही, ते सांगून गेलेत:
चुलीपासून चार हात लांब, पावाच्या कपाटात,
वरच्या फळीवर ठेवायचं
आणि आपली कामं करत राहायचं.

चकतीवर पेन्सिल अजून वाचता येते.
"१९ जानेवारी. वारा जमिनीकडून समुद्राकडे."
आज पूर्वेचा आहे, तोंडावर येणारा.
उद्या बघू.